'नाही' ऐकून न उठणारा माणूस

"मरायला रेशनकार्ड लागत नाही, जगायलाच लागतं!"

हे वाक्य माझं. पिवळ्या कागदावर, तीन भाषांत, ठळक टायपात छापलेलं. माझा त्याच्यावर फार जीव होता. माणिककाकांनी ते पत्रक हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, पुढून वाचलं, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि म्हणाले, "झकास. अंगावर काटा आला. पण पोरी, ह्यात कुठं जायचं ते लिहिलेलंच नाही."

"काका, हा निषेध आहे."

"असू दे ना. निषेध वाचून माणूस उठला, चप्पल घातली. आता त्यानं डावीकडं वळायचं का उजवीकडं?"

मी चिडले. काकांच्या सहवासात मी बहुतेक वेळ चिडलेलीच असायचे. आज ते नाहीत, आणि चिडायला तेवढा मायेचा माणूस पुन्हा मिळालेला नाही.

माणिकराव पाटील. घर नल्लकुंट्याला, गल्लीच्या टोकाला, वर जाणारा जिना बाहेरून. मूळ गाव देगलूरजवळचं, घरची शेती. शिकायला म्हणून हैद्राबादला आले आणि राहिले. पोटापाण्याचा धंदा विम्याचा. सुलतान बाजारातल्या कापडवाल्यांपासून आबिड्सच्या हापिसातल्या हेडक्लार्कांपर्यंत शहरातल्या निम्म्या मराठी घरांत त्यांनी पॉलिसी विकलेली. आमच्या बरकतपुऱ्याच्या घरीही. विम्याचा एजंट आला म्हटलं की लोक मागच्या दारानं सटकायचे, माझे बाबा सांगायचे की माणिकराव आधीच मागच्या दाराशी उभे असायचे आणि वर विचारायचे, "अरे वा, निघालात? चला, स्टॉपपर्यंत सोबत येतो."

निवृत्त झाले तरी वेश एजंटाचाच राहिला. इस्त्रीचा फिकट निळा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत रेक्झिनची बॅग, कानामागं अत्तराचा फाया. दवाखान्यात जाताना तर फाया हमखास. "रोग्याला डेटॉलचा वास येतोच आहे, आपण निराळा आणावा."

त्यांच्या धंद्याचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं. "नाही म्हटलं की माणूस उठतो, म्हणून 'नाही' स्वस्त झालंय. बसून राहिलं की म्हणणाऱ्याला महाग पडतं."

आणि ते खरोखर बसून राहायचे. बाकावर कधीच नाही, थेट क्लार्कच्या समोरच्या खुर्चीवर. आवाज चढवायचा नाही, ओळख सांगायची नाही, वर तक्रार करीन म्हणायचं नाही. समोरच्यानं 'नाही' म्हटलं की अगदी आदरानं मान डोलवायची, "बरोबर आहे तुमचं," म्हणायचं आणि खुर्ची जरा पुढं ओढायची. मग मुलं किती, कुठल्या शाळेत, घरून हापिसला यायला बस कुठली, सासूबाईंचा गुडघा कसा आहे. तेलुगू सफाईदार, हैद्राबादची दखनी हिंदी त्याहून. "तेलुगूतला सगळ्यात लांबलचक शब्द कुठला सांग?" त्यांनी मला एकदा विचारलं. "रेपु," ते म्हणाले. "रेपु म्हणजे उद्या. मी एका रेपुवर चार महिने काढलेत."

लोकांसाठी दवाखान्यांत बसून राहायच्या ह्या कामात ते पडले ते त्यांच्या गल्लीतल्या वॉचमनमुळं. वॉचमन मुखेडकडचा. त्याच्या बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं तर तिथं म्हणाले, रक्ताची सोय करायला, सह्या करायला, धावपळ करायला नातेवाईक हवा. वॉचमन गडी एकटा, तोही घाबरून भिंतीला टेकलेला. पोचवायला गेलेल्या काकांना विचारलं, "आप कौन होते?" काका म्हणाले, "मामा." तेव्हापासून ते शहरभर मामाच झाले. ओडिशाचा वेल्डर असो, बिहारचा टाइलवाला असो, आपल्याकडची वीटभट्टीवरची बाई असो, वॉर्डात नातं विचारलं की काका बिनदिक्कत मामा. बिहारच्या पोराचे मामा तेलुगूत बोलतात ह्याचं कुणाला काही वाटायचं नाही, इतकं ते ठामपणे म्हणायचे.

काकू म्हणायच्या, "ह्यांना सख्खी बहीण एक नाही, आणि भाचे मात्र बघा! आमचे पाव्हणे घरी कधी येतच नाहीत. दवाखान्यातच उतरतात."

"येतील ना घरी. बरे झाले की येतील," काका म्हणायचे. काही यायचेही. काकू कपाळाला हात लावायच्या आणि उप्पीठ टाकायच्या.

मी त्यांना प्रथम नीट पाहिलं ते एका कार्डांच्या कॅम्पात. शहराच्या पश्चिमेला काचेच्या इमारती उठतात ना, त्यांच्या मागं पत्र्याच्या खोल्यांत त्या बांधणारे राहतात. तिथं आमच्या कामगार संघटनेनं फुकट तपासणीच्या आरोग्यकार्डाची नोंदणी लावून घेतली होती. यंत्रावर अंगठा टेकवायचा, की नाव चढतं. आणि अंगठे चालेनात! ज्यांनी जन्मभर सिमेंट कालवलं त्यांच्या बोटांवर रेघच उरली नव्हती. यंत्र लाल दिवा दाखवायचं आणि ऑपरेटर बाई म्हणायची, "नेक्स्ट." मी तिथंच घोषणा द्यायच्या बेतात होते. काका खुर्ची ओढून बसले, बॅगेतून खोबरेल तेलाची बाटली काढली आणि एका गवंड्याचा अंगठा आपल्या मांडीवर घेऊन चोळू लागले. हळूहळू, लहान मुलाला तेल लावतात तसं. तो गवंडी लाजून चूर. बाई म्हणाली, "अंकल, ये सब कायकू?"

"मॅडम," काका मान वर न करता म्हणाले, "इसका अंगूठा तुम्हारी दिवारों में गया. या तो मेरेकू तेल लगाने दो, नै तो मशीन कू दिवार पे टेक के देखो."

बाई हसली. यंत्रानं त्या गवंड्याला तिसऱ्या खेपेला ओळखलं. सगळ्यांना नाही ओळखलं, हेही लिहून ठेवते. तेल सगळीकडं पुरत नाही.

काकांना 'परप्रांतीय' हा शब्द चालायचा नाही. आमच्या पत्रकांत तो असायचा, सरकारी भाषा तीच म्हणून. "कोण परप्रांतीय?" ते विचारायचे. "मी शाळेत होतो तेव्हा देगलूर आणि हैद्राबाद एकाच राज्यात होतं. मग देगलूर तिकडं गेलं, हैद्राबाद आंध्रात गेलं, मग तेलंगणा झालं. मी कुठं गेलो? मी हललोच नाही. राज्यं हलली." त्यांच्या आजोबांना पोटाचं दुखणं घेऊन बैलगाडीनं आणि मग रेल्वेनं मुसी नदीकाठच्या मोठ्या दवाखान्यात आणलं होतं. फाटकावर विचारलं ते एवढंच, "क्या तकलीफ है?"

"काका, तेव्हा निजाम होता," मी म्हणाले.

"हौ. निजामाचं राज्य वाईटच होतं, आमच्या गावानं भोगलंय. मी फाटकावरच्या माणसाचं सांगतोय."

आपल्या मराठवाड्यातल्या माणसाचं हे एक जुनं खूळ आहे. देगलूर, मुखेड, उदगीर, बिलोली, कुठंही घरात कुणी पडलं की म्हातारी माणसं एकच बोलतात: हैद्राबादला न्या. बापजाद्यांना इथं गुण आलेला असतो. सीमा नकाशावर पडली, पायांना कुणी सांगितलंच नाही. आणि आता दवाखान्याच्या फाटकावर तकलीफ विचारत नाहीत, कार्ड विचारतात. इथल्या सरकारची फुकट उपचारांची योजना इथल्या रेशनकार्डाला. तिकडच्या सरकारची योजना तिकडच्या दवाखान्यात. माणूस मात्र कामाला इथं आणि कागद गावी. हा काय न्याय झाला?

ह्याच खुळानं भुजंगला इथं परत आणलं.

भुजंग देगलूरकडचा, सेंटरिंगचा कामगार, स्लॅबखाली फळ्या आणि लोखंडी टेकू लावणारा. वय तिशीच्या आत. बायको वर्षा त्याच साइटवर वाळू चाळायची. बहिणीच्या लग्नाला गावी गेला असताना मांडवातच धाप लागून खाली बसला. तिथल्या डॉक्टरनं छातीला नळी लावून ऐकलं आणि जिल्ह्याला जा म्हणून सांगितलं. तिकडचं कार्ड होतं, तिकडं सगळं फुकटात झालं असतं. पण बाप म्हणाला, जिल्ह्याला नको, हैद्राबादला न्या. आणि हे दोघं एसटीनं उलटे इकडं आले, काकांच्या जिन्याशी.

"चार पायऱ्या चढलो की दम लागूलालाय काका," तो जिन्यावरच बसून म्हणाला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मनापासून तपासलं. हृदयाची एक झडप निकामी. बदलायला हवी आणि लवकर. झडप योजनेतून मिळते, योजना कार्डावर, कार्ड इथलं नाही. ठेकेदाराकडं गेलो. कामगाराचं नाव नोंदलं की त्याचा विमा भरावा लागतो, म्हणून ठेकेदारानं नावच नोंदलं नव्हतं. हजेरी घ्यायला भुजंग होता, विमा भरायला भुजंग नव्हता! इथलं रेशनकार्ड काढावं म्हटलं, तर आधी गावच्या कार्डावरचं नाव कापून आणायचं. काका त्याला ठाम नको म्हणाले. एका बाईनं तसं केलेलं त्यांनी पाहिलं होतं. तिकडचं कापलं गेलं, इकडचं लागलं नाही, आणि ती मधल्यामधे राहिली.

मग आम्ही एका मोठ्या खासगी दवाखान्यात गेलो, जिथं योजनेतल्या ऑपरेशनांचा काउंटर होता. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की तेवढाच एक वाईट आणि बाकीचे बरे असं वाटतं. काउंटरवर श्रीलता नावाची मुलगी, माझ्याच वयाची. तिनं कार्ड पाहिलं, संगणकात पाहिलं आणि म्हणाली, "अंकल, ये महाराष्ट्र का है. यहाँ नै चलता."

"बरोबर है अम्मा," काका म्हणाले, आणि खुर्ची पुढं ओढली.

दुसऱ्या दिवशीही ओढली. तिसऱ्याही. श्रीलताची बहीण नर्सिंगला आहे, वडील वारंगलकडं कापूस पिकवतात, दुपारी ती डब्यात दहीभात आणते, हे सगळं आम्हाला कळलं. काकांनी तिला वरच्या साहेबांना भेटवायला लावलं. वरच्या साहेबांनी धर्मादाय खात्याकडं पाठवलं. धर्मादाय खात्यानं "रेपु" म्हटलं. काका तिथंही बसले. खाली भुजंग बाकावर, वर्षाच्या खांद्यावर डोकं टेकून. आडवा झाला की त्याला श्वास पुरत नव्हता, म्हणून बसूनच झोपायचा. त्याच्या ओठांचा रंग मला आवडेनासा झाला होता.

माझी वेगळी तयारी चालू होती. दवाखान्याच्या दारात धरणं धरायचं, पत्रकार बोलवायचे. ह्या शहराच्या इमारती उभारणाऱ्याला ह्याच शहरात झडप मिळाली पाहिजे! पिवळं पत्रक त्याचसाठी छापलेलं. भुजंगचा फोटोही काढला होता, त्याला विचारून. तो म्हणाला होता, "काढा ताई. पर बनियनवर नका काढू." वर्षानं पिशवीतून लग्नातला शर्ट काढून दिला.

एक दिवस श्रीलताचा काउंटर बंद व्हायच्या वेळेला काका अजून खुर्चीतच होते. श्रीलतानं संगणक बंद केला, पर्स उचलली, पण निघाली नाही. काकांच्या खुर्चीशी येऊन उभी राहिली.

"अंकल, आप बैठो," ती म्हणाली. "रोज बैठो, मेरेकू क्या. अच्छा लगता मेरेकू. लेकिन वो कब तक बैठेगा?"

आणि तिनं बाकाकडं बोट केलं.

काका उठले.

एवढंच झालं. पण मी त्यांना कुठल्याही काउंटरवरून काम न होता उठताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी खुर्ची होती तिथं नीट मागं सरकवली, श्रीलताच्या डोक्यावर हात ठेवला आणि बस स्टॉपकडं निघाले. वाटेत ओळखीचा पानवाला भेटला, त्याच्या पोराचं काय चाललंय तेही विचारलं नाही.

स्टॉपवर म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं भुजंगला नांदेडला नेतो. तिथून जिथं झडप बसवतात तिथं. कार्ड तिकडं चालतं."

"आणि धरणं? काका, परवा पत्रकार येताहेत! त्याचा हक्क इथं आहे. आपण त्याला माघारी पाठवायचं म्हणजे त्यांचंच खरं झालं!"

"तू बरोबर आहेस."

"मग?"

"शंभर टक्के बरोबर आहेस. सोडू नकोस. पण तुझं बरोबर असणं त्याच्या छातीत बसवता येत नाही ना पोरी." मग, जणू स्वतःलाच, "आणि माझंही."

मला त्यांचं हे शेवटचं तेव्हा नीट ऐकूही आलं नाही, मी इतकी तणतणत होते. पण ज्यांनी आयुष्यभर सांगितलं की देगलूर आणि हैद्राबाद एकच, त्यांनाच एका देगलूरच्या पोराला 'तुझा दवाखाना तिकडं' असं सांगायचं होतं. ते त्यांनी माझ्यावर किंवा वर्षावर ढकललं नाही. स्टॉपवरून परत दवाखान्यात आले, बाकाशी उकिडवे बसले, गुडघे वाजत असताना, आणि भुजंगच्या तोंडाशी तोंड नेऊन सांगितलं.

भुजंगनं वर्षाच्या खांद्यावरून डोकं उचललं. "परत पाठवूलालाव का काका?"

"पाठवत नाही रे. नेतोय."

"आमच्या आज्याला हितंच गुण आल्ता."

"हौ. माझ्याही."

काकूंनी घरी आकाशपाताळ एक केलं. ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी, रेल्वेनं, रोगी घेऊन! "त्याचा बाप नाही का? भाऊ नाही का? तुम्हीच कायकू?"

"त्याच्या बापाला काउंटरवर बसता येत नाही," काका म्हणाले. काकूंनी दशम्या करायला घेतल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. भुजंगला झडप बसली. तिकडच्या दवाखान्यातही पहिल्या दिवशी 'नाही'च म्हणाले, काहीतरी शिक्का राहिला होता. काका तिथं बसले आणि तो मिळवला. ऑपरेशन झालं त्या दुपारी त्यांचा फोन आला. "शिवलं. डोळे उघडले. पाणी मागतोय, देत नाहीत." मग तिथूनच ते देगलूरला धाकट्या भावाकडं गेले, चार दिवस गुडघ्यांना आराम म्हणून. काकूही मागाहून गेल्या. चार दिवसांचे दोन महिने झाले, आणि थंडीत एका सकाळी ते उठलेच नाहीत. अंत्ययात्रेला भुजंग होता म्हणे. खांदा द्यायचा हट्ट धरला, डॉक्टरनं वजन उचलायला मनाई केली होती म्हणून लोकांनी देऊ दिला नाही. नुसता हात लावून चालला.

भुजंग वाचला म्हणून सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. काकांनी त्याला नेलं ते बरोबर केलं, आणि न्यावं लागलं ही ह्या शहराची नामुष्की आहे. दोन्ही मी म्हणत राहणार. ज्यांना नेणारा मामा नाही त्यांची गणती कोण करतं?

पण डोळे मिटले की मला दिसतं ते काचीगुड्याचं स्टेशन. ते निघाले ती सकाळ, फलाटावर ही गर्दी, गावी जाणारे कामगार, बादल्या, गुंडाळलेल्या सतरंज्या. जागा आरक्षित नव्हती. काकांनी डब्यात शिरून कुणाच्या तरी मुलांची चौकशी करत करत भुजंगला खिडकीची जागा मिळवून दिली होती. मी बाहेर उभी, अजून घुश्श्यात. पाण्याची बाटली खिडकीतून आत दिली तेवढंच. खिडकीची लोखंडी झडप वर टिकत नव्हती, तिची खिट्टी तुटलेली. काकांनी वर केली की ती धाडकन खाली यायची, आणि भुजंगला तर वारा हवा होता. समोरचा एक जण म्हणाला, "असू द्या अंकल, गाडी सुटली की खालीच पडते ती."

काकांनी ती पुन्हा वर केली आणि खाली स्वतःचा हात घातला. कोपर खिडकीबाहेर, वर झडपेचं ओझं. भुजंगनं तोंड वाऱ्याकडं केलं.

गाडी हलली. मी हात हलवला, काकांनी नाही हलवला. एक हात अडकलेला, दुसऱ्यानं ते वर्षाला बसायला सरकायला सांगत होते. डबे पुढं गेले, चेहरे दिसेनासे झाले. निळ्या बाहीतलं ते कोपर तेवढं फलाट संपेपर्यंत दिसत होतं. खाली आलं नाही.